सोळा पानांची सुमन

आमच्या वाचनालयात एक कादंबरी होती. तिची मधली सोळा पानं गायब होती, तरी ती कपाटात क्वचितच दिसायची. एकीच्या हातून सुटली की दुसरी टपूनच बसलेली असायची. तिचं छापील नाव मी इथं सांगत नाही. लेखकाचे कुणी नातेवाईक असतील, आणि आम्ही त्यांच्या पुस्तकाचं जे केलं ते वाचून त्यांना काय वाटेल याचा मला अंदाज नाही. पेठेतले वाचक तिला 'सोळा पानांची' म्हणत. "बाई, सोळा पानांची आली का?" एवढं विचारलं की मला कळायचं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कोल्हापुरातल्या या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागले. ग्रंथपाल म्हणजे खुर्चीत बसून फुकट पुस्तकं वाचणारी बाई, असा माझ्या माहेरच्यांचा बरीच वर्षं समज होता, आणि मीही तो फारसा दूर केला नाही. खरं काम निराळं असतं. पुस्तक आलं की त्याला दाखल क्रमांक द्यायचा, शिक्के मारायचे, पाठीवर चिठ्ठी डकवायची, त्याचं कार्ड करून लाकडी खणात अकारविल्हे लावायचं. हे सगळं कुणालाही जमतं. अवघड असतं ते वाचकाला हवं ते पुस्तक हुडकून देणं, कारण वाचक पुस्तक नावानं मागतच नाही. "ते निळ्या कव्हरचं, त्यात ती बाई शेवटाला बोटीतनं जाती ते," असं मागतो. तालमीतला एक पैलवान यायचा. तो पुस्तक तळहातावर तोलायचा आणि हलकं वाटलं तर परत द्यायचा. त्याला हप्ताभर पुरेल असं लागायचं. एक निवृत्त मामलेदार आधी शेवटचं पान वाचायचे, कुणी मेलेलं दिसलं की पुस्तक तिथंच ठेवायचे. अशा लोकांची चव लक्षात ठेवायची, हाच या धंद्यातला निम्मा अभ्यास.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांत वाचकांच्या खुणा असतात. आपण हे वाचलंय की नाही हे पुढे आठवत नाही, म्हणून प्रत्येकीची एक खूण ठरलेली असते आणि पानही ठरलेलं असतं. कुणी पंचविसाव्या पानाच्या आकड्याखाली टिंब देते, कुणी चाळिसाव्या पानाच्या कोपऱ्यात तुळशीचं पान काढते. नियमाप्रमाणे हा गुन्हा. मी कधी कुणाला बोलले नाही, कारण कुठलं पुस्तक खरंच वाचलं गेलंय हे मला त्या खुणांवरून कळायचं. सोळा पानांचीत एवढी टिंबं, फुल्या, चांदण्या आणि स्वस्तिकं होती की पंचविसावं पान देवघराच्या भिंतीसारखं दिसायचं.

आता त्या गोष्टीविषयी. सुमन नावाची एक मुलगी असते. आवाज गोड, सारखी गात असते. आडावर, परसात, शेणानं सारवताना. तिला फायनलच्या परीक्षेला बसायचंय आणि घरात तिच्या लग्नाचं चाललंय. शहाण्णव नंबरच्या पानावर आई तिला म्हणते, उद्या पाहुणे यायचेत, लवकर नीज. 'सुमनने दिव्याची वात खाली केली आणि' इथं पान संपतं. पुढचं पान एकशे तेरा. ते सुरू होतं, 'म्हणून निर्मलेने आडाचा दोर सासूच्या हातून काढून घेतला.'

सुमन पाहुण्यांना पसंत पडली, लग्न झालं, सासरी तिचं नाव निर्मला ठेवलं, हे कुणाला सांगावं लागायचं नाही. नायिकेचं नाव मध्येच बदलतं याचं आमच्यापैकी एकीलाही नवल वाटलं नाही, कारण निम्म्याजणींचं बदललेलं होतं. माझंही. पुढे निर्मलेचा नवरा अंगात फिरस्ती शिरून घर सोडतो आणि ती एकटी तेलघाणा चालवते. पहिल्या भागात बैलाला भिणारी सुमन दुसऱ्या भागात स्वतः बैल जुंपते. वाचक म्हणायचे, संसार सगळं शिकवतो. दुसऱ्या भागात माहेरचा उल्लेख नाही. वाचक म्हणायचे, सासुरवाशिणीला कसलं माहेर. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, दुसऱ्या भागात निर्मला एकदाही गात नाही. तोवर सारखी गाणारी मुलगी लग्न झाल्यावर एक ओळसुद्धा गुणगुणत नाही, आणि लेखक त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. यावर आमच्या पेठेतल्या बायका किती रडल्या असतील. मी स्वतः पहिल्यांदा वाचलं तेव्हा टेबलाखाली डोकं घालून पेन शोधत असल्याचं नाटक केलं होतं.

या पुस्तकाच्या सगळ्यांत जुन्या वाचक म्हणजे सुशीलाक्का. भुसारी दुकानदाराच्या घरातल्या, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, हातात कायम पिशवी. त्यांचं माहेर हुक्केरीकडं, कानडी मुलखात. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना मराठीचं अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि मी लागले तोवर त्यांनी आमची सामाजिक कादंबऱ्यांची दोन कपाटं संपवली होती. आमच्याकडच्या कित्येक बायका बोलताना 'येतो, जातो' म्हणतात. त्याही तेच शिकल्या होत्या. वर्षातनं एकदा तरी त्या सोळा पानांची नेत. एकदा पुस्तक परत करताना मी विचारलं, "अक्का, पाठ झाली असेल की. परत काय वाचता?"

"ती सोळा पानं सापडत्यात का बघतो," त्या म्हणाल्या.

मला वाटलं चेष्टा करतायत. मग त्या बाकावर बसल्या आणि सावकाश सांगायला लागल्या. "आमच्या लग्नात ताटात तांदूळ पसरलं आणि ह्यांनी अंगठीनं माझं नवं नाव लिवलं. समद्या बायका वाकून बघाय लागल्या. म्या बी बघितलं. पर मला मराठी वाचाय येत न्हवतं की. नणंद म्हणाली, सुशीला लिवलंय. म्हटलं, असंल. तांदूळ गोळा करून भात टाकला बी. त्यानंतर मी मराठी शिकलो, बाई. पैलं त्याच्यासाठीच शिकलो." मग म्हणाल्या, "त्या सुमनला वाचाय येत हुतं. तिनं ताटातलं नाव सोताच्या डोळ्यानं वाचलं आसंल. तवा तिला काय वाटलं, ते त्या सोळा पानांत आसणार. दुसरीकडं कुटं आसंल?"

पुस्तकात नसलेली पानं वाचायला कुणी इतकी वर्षं येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या दिवसापासून ती सोळा पानं मीही शोधायला लागले. जुन्या पुस्तकांच्या दुकानात विचारलं, जिल्ह्याच्या मेळाव्यात भेटणाऱ्या ग्रंथपालांना विचारलं. पण कुठल्या गावच्या कपाटात काय आहे हे तिथल्या ग्रंथपालाखेरीज कुणाला ठाऊक नसायचं, आणि कधीकधी त्यालाही नसायचं.

दोन हजार सालानंतर केव्हातरी राज्यातली वाचनालयं एका सूचीत आणायची एक योजना आमच्यापर्यंत आली. प्रत्येकानं आपली पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवायची, सगळ्यांची मिळून एक सूची होणार, आणि एका गावच्या वाचकाला दुसऱ्या गावचं पुस्तक मागवता येणार. सभासदाचं कार्डही सगळीकडे चालणार. भाग घ्यायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या कार्यकारी मंडळानं ठरवायचं होतं. तोवर सामील झालेल्यांची सूची मात्र आम्हाला चाचणीपुरती उघडून दिली होती.

आमचे अध्यक्ष आप्पासाहेब, गुळाचे अडत व्यापारी. आवाज असा की वाचनालयातली 'शांतता राखा' ही पाटी त्यांच्यासाठीच लावलीय, असं सभासद म्हणायचे. त्यांचा योजनेला ठाम विरोध. "आमच्या लोकांनी वर्गणी भरायची आणि पुस्तक आजऱ्यात वाचायचं? बदल्यात तितल्या काजूची पोती येणार हायती काय? पुस्तक एकदा गावाभाईर गेलं म्हंजे गेलं. परत येईल तवा खरं." बाकीचे माना डोलावत होते. त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. पेठेतल्या पेठेत गेलेली पुस्तकं परत आणताना माझ्या चपला झिजल्या होत्या. मंडळानं निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला.

त्या दुपारी मी चाचणीची सूची उघडली. पहिलं नाव काय टाईप केलं असेल ते सांगायला नको. पडदा जरा वेळ गप्प राहिला, मग एक ओळ आली. आजऱ्याच्या एका वाचनालयात एक प्रत होती.

मी लगेच फोन लावला. तिथले ग्रंथपाल कांबळे सर म्हणाले, "हाय की. कपाटातच हाय. काय पायजे?"

"शहाण्णवच्या पुढची पानं आहेत का, तेवढं बघून सांगता?"

"पानं मोजाय लावतासा काय फोनवर," म्हणत ते उठले. परत आले. "सत्त्याण्णव हाय, अठ्ठ्याण्णव हाय… हायती की समदी. चांगलं हाय हो पुस्तक. शेवटाला ती सुमन…"

"सर, सांगू नका," मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात कांबळे सरांचं कोल्हापुरात काम होतं. घनसाळ तांदळाच्या कापडी पिशवीत गुंडाळून त्यांनी पुस्तक आणून दिलं आणि घाईनं गेले. पुस्तकाला तांदळाचा वास लागला होता. माझं पहिलं लक्ष गेलं ते खुणांकडे. आजऱ्याच्या बायका तिसाव्या पानावर खुणा करतात आणि टिंबाऐवजी पाखरू काढतात. ही पाखरं काढणारी कोण असेल, असा विचार करत मी बराच वेळ ते पान बघत बसले. खरं म्हणजे मी सत्त्याण्णवावं पान उघडायला घाबरत होते. सुशीलाक्कांना हवं ते त्यात नसलं तर?

नव्हतं. 'सुमनने दिव्याची वात खाली केली आणि' याच्या पुढं होतं, 'ती परसदारी येऊन उभी राहिली.' दुसऱ्या दिवशी पाहुणे येतात. ती चहा घेऊन बाहेर येते आणि मुलाच्या वडिलांना स्वतःच सांगते, मला परीक्षेला बसायचं आहे. पाहुणे चहा घेऊन निघून जातात. घरात रडारड होते. मग ती परीक्षा देते, मास्तरीण होते, आणि शेवटच्या पानावर शाळेतल्या मुलींना गाणं शिकवत असते. लग्न नाही, ताट नाही, तांदूळ नाहीत. निर्मला तर कुठेच नाही.

मी आमची प्रत शेजारी उघडून ठेवली. दोन्हीकडे शहाण्णव पानांपर्यंत अक्षर न् अक्षर सारखं. आमचं एकशे तेरा आणि त्यांचं एकशे तेरा यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आजऱ्याची प्रत चुकीची आहे.

आणि हा विचार करणारी मी एकटी नव्हते. मंडळातल्या लोकांना दोन्ही पुस्तकं दाखवली तेव्हा आप्पासाहेब एका क्षणात म्हणाले, "आजऱ्याच्या बाइंडरनं घोळ घातला. दुसऱ्याच पुस्तकाची पानं घुसडली. म्हणून सांगत हुतो, भाईरची पुस्तकं नगंत." सगळ्यांना पटलं. आमची निर्मला खोटी असेल हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मी कांबळे सरांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, आमची प्रत बाइंडिंगला कधी दिलेलीच न्हाई. छापखान्यातनं आली तशी हाय. आमच्याकडं ती एवढी कोण न्हेतच न्हाई."

मग मी इस्माईलचाचांकडं गेले. आमची जुनी पुस्तकं बांधणारे तेच. तेव्हा घरीच बसून असायचे. बोटांना इतक्या वर्षांच्या खळीचा वास अजून येत होता. त्यांनी आमची प्रत हातात घेतली, उघडली नाही, फक्त पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "माझंच काम हाय. वाळवीच्या सालातलं."

ती गोष्ट माझ्या आधीची. खालच्या फळीला वाळवी लागली आणि शेजारी उभ्या असलेल्या दोन पुस्तकांच्या मध्ये शिरली. एकाची मागची बाजू खाऊन टाकली, दुसऱ्याची पुढची. "त्या टायमाचं ग्रंथपाल म्हणालं, चाचा, शाबूत आसंल तेवढं बांधा. म्या बघितलं, कागद एक, टाईप एक, आकार एक. एकाचं डोस्कं हाय, एकाचं पाय. ह्याचा शेवटचा आकडा शहाण्णव, त्याचा पयला एकशे तेरा. म्हटलं, एक फॉर्मा गेला आसंल."

फॉर्मा म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घडीत छापलेली सोळा पानं. जुन्या पुस्तकातून एक फॉर्मा गळून जाणं रोजचंच. पानांच्या डोक्यावर पुस्तकाचं नाव छापलेलं नव्हतं, फक्त खाली आकडे होते, आणि आकडे तर बरोबर येत होते.

"पण चाचा, वाचून बघायचं तरी," मी म्हणाले.

"बाई, बांधायला आलेलं पुस्तक वाचाय लागलो तर पोरं उपाशी मरतील. आन् एवढ्या लोकांनी वाचलं, कोण आलं का बोलाय?"

मला तर त्या माणसाचं कौतुकच वाटलं. आम्ही ज्या दुःखावर रडलो, गाणाऱ्या मुलीचं गाणं बंद होण्याच्या, ते कुठल्याही लेखकानं लिहिलंच नव्हतं. निम्मं वाळवीनं लिहिलं होतं आणि निम्मं आम्ही.

उरल्या सुशीलाक्का. त्यांचे यजमान वर्षापूर्वी गेले होते, दुकान बंद झालं होतं, आणि दिवाळीनंतर त्या मुलाकडे पुण्याला कायमच्या जाणार होत्या. त्यांना हे सांगावं की नाही यावर मी दोन दिवस स्वतःशी भांडले. जी पानं शोधण्यात त्यांचं इतकं आयुष्य गेलं ती अस्तित्वातच नव्हती, हे कुणाला तोंडावर कसं सांगायचं? शेवटी मी काहीच सांगितलं नाही. आजऱ्याची प्रत त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "अक्का, पुरी प्रत मिळाली."

त्यांनी पुस्तक उघडलंही नाही. पदराखाली घेतलं आणि गेल्या.

परत आल्या तेव्हा वाचनालयात गर्दी होती. त्या बाकावर थांबून राहिल्या. सगळे गेल्यावर पुस्तक टेबलावर ठेवलं.

"म्हंजे तिचं नाव बदललंच न्हाई," त्या म्हणाल्या.

"नाही, अक्का."

"पाहुण्यांच्या म्होरं तोंड उघडून बोलली. मला वाटलं हुतं, रडली आसंल. दार लावून बसली आसंल. असलंच काय काय मनात आणत हुतो मी." त्या हसल्या. मला रडू आवरत नव्हतं आणि त्या हसत होत्या. "आणि गाणं बी म्हणाय लागली की शेवटाला. बरं झालं. लई बरं झालं, बाई."

मी त्यांना वाळवीची आणि चाचांची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी ती लहान मुलासारखं डोळे मोठे करून ऐकली. मग एकदम म्हणाल्या, "आता निर्मलाचं परत वाचाय पायजे. एवढी वरसं तिला सुमन म्हणून वाचली. ती कोण हाय ते बघितलंच न्हाई."

सोळा पानांची तेव्हा कुणीतरी नेलेली होती. मी म्हणाले, आली की निरोप पाठवते.

निर्णयाची बैठक भरली. चाचांची वाळवीची गोष्ट मी आप्पासाहेबांना आधीच सांगितली होती. त्यांचं एक गुपित मला ठाऊक होतं. 'मंडळींसाठी नेतो' म्हणून ते सोळा पानांची न्यायचे आणि अडतीच्या गादीवर बसून स्वतः वाचायचे. तेलघाणा चालवणारी, हिशेबाला पक्की निर्मला ही त्यांची विशेष लाडकी. विषय निघाला तसे ते घसा खाकरून म्हणाले, "सुमनचं कळलं. ती मास्तरीण झाली. मग ही निर्मला कोण?"

त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"तिचं माहेर कुठलं? त्या फिरस्त्या नवऱ्याला दिली कुणी तिला? पैली एकशेबारा पानं कुठंतरी आसतीलच की. बाई, तुमच्या त्या कॉम्प्युटरात विचारा."

"त्याला पुस्तकाचं नाव लागतं, आप्पासाहेब. नायिकेचं चालत नाही. आणि वाळवीनं खाल्लेल्या पुस्तकांची यादी कुणी ठेवलेली नाही."

"मग कसला कॉम्प्युटर तो." ते माझ्याकडं वळले. "पर लोकांना विचारता येतंय न्हवं? जेवढी वाचनालयं हायती त्यास्नी?"

"सामील झालो तर येईल."

ठराव त्याच बैठकीत मंजूर झाला. ज्ञानाचा प्रसार, वाचकांची सोय वगैरे शब्द ठरावात मी घातले; खरं कारण निर्मलाचं माहेर. आप्पासाहेबांनी एक अट मात्र घातली. आमचं कुठलंही पुस्तक बाहेर जाईल, पण सोळा पानांची जाणार नाही. "आख्ख्या राज्यात दुसरी न्हाई तसली," ते म्हणाले, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

ती सूचीत चढवताना माझी पंचाईत झाली. एका ओळीत दोन पुस्तकं बसेनात. नावाच्या जागी मी 'सोळा पानांची' असंच लिहिलं. लेखकाची जागा मोकळी सोडली तर कॉम्प्युटर पुढं सरकेना, म्हणून तिथं इस्माईलचाचांचं नाव घातलं आणि पुढे 'संकलक' असा शब्द जोडला. चाचांना छापून नेऊन दाखवलं. त्यांनी तो कागद घडी करून छातीच्या खिशात ठेवला आणि नातवाला हाक मारली.

त्याच दिवसांत प्रत्येक सभासदाचं नवीन कार्ड करायचं काम चालू होतं. सुशीलाक्का निरोप घ्यायला आल्या. आप्पासाहेब कोपऱ्यात पेपर वाचत बसले होते. मी म्हणाले, "अक्का, सभासदत्व बंद करू नका. पुण्यात तुमच्या मुलाच्या घराजवळचं वाचनालयही योजनेत आहे. आमचं कार्ड तिथं चालेल."

"तितल्या बाई मला वळखतील?"

"कार्डावर जे नाव असेल त्या नावानं हाक मारतील."

त्यांनी पिशवी बाकावर ठेवली. "मग नीलव्वा घाला."

"कोण नीलव्वा?"

"मीच की. माझ्या बापानं ठेवलेलं नाव. हितं एवढ्या वरसांत कुणी मारलं न्हाई त्या नावानं हाक. हितं आता बदलून काय उपेग न्हाई, समद्यांच्या तोंडात सुशीला बसलंय. पर पुण्यात मला कोण वळखतंय? तितं पैल्यापास्नंच नीलव्वा म्हणत्याल."

माझी बोटं थांबली. नियमाप्रमाणे रेशनकार्डाची नक्कल लागत होती, आणि रेशनकार्डावर सुशीला. नाहीतर मंडळाच्या कुणीतरी ओळख पटवून सही करायची. मी कोपऱ्याकडे बघितलं. पेपर खाली आला.

"मी वळखतो त्यास्नी. करतो सही," आप्पासाहेब म्हणाले.

"नीलव्वा म्हणून ओळखता?" मी नियमाला धरून विचारलं.

"आत्ता सांगितलं की त्यांनी. आणि काय पायजे?" त्यांनी पेन मागून घेतलं.

अक्कांनी कार्ड हातात घेतलं आणि डोळ्यांजवळ नेऊन एकेक अक्षर वाचलं. शेजारी वाचून दाखवायला कुणी लागलं नाही.

त्या गेल्या. निर्मलेच्या चौकशीचा मजकूर मी सगळ्या वाचनालयांना पाठवला होता: नायिका निर्मला, सासरी तेलघाणा, नवरा फिरस्ता. उत्तरं मजेशीर आली. कुणी चार वेगवेगळ्या निर्मला कळवल्या, त्यांतली एक विहिरीत जीव देते आणि एक पोलिसात असते. गारगोटीच्या एका ग्रंथपालांनी कळवलं की आमच्याकडे तेलघाणा आहे पण बाई निर्मला नाही, चालेल का. आमची निर्मला मी निवृत्त होईपर्यंत सापडली नाही. अजून कुठल्यातरी फळीवर तिचं माहेर उभं असणार. मला त्याची हुरहूर आजही आहे.

हिवाळा सरता सरता एक दिवस पडद्यावर पुण्याहून मागणी आली. पुस्तक, सोळा पानांची. मागणाऱ्याचं नाव, नीलव्वा. त्या गडबडीत अक्कांना निरोप पाठवायचा राहूनच गेला होता.

आता ठराव माझ्याच हस्ताक्षरात होता. मी आप्पासाहेबांना बोलावून पडदा दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मला वाटलं, जाऊ द्या म्हणतील. पण शब्दाचे पक्के.

"ठराव म्हंजे ठराव," ते म्हणाले. "पुस्तक पाठवायचं न्हाई." मग चष्मा काढता काढता, "मंगळवारी मला गुळाच्या कामानं पुण्याला जायचं हाय. माझ्या नावावर घाला. मी वाचाय न्हेतो. तितं कुणी जरा बघाय मागितलं, तर त्याला काय न्हाई म्हणता येतंय?"

मी पुस्तक त्यांच्या नावावर घातलं आणि मुलाच्या घराचा पत्ता लिहून दिला. गुरुवारी ते परत आले ते रिकाम्या हातानं.

"भेटल्या का?" मी विचारलं.

"सांगतो की." त्यांनी पाणी मागितलं, प्याले. "दार सुनेनं उघडलं. म्हटलं, नीलव्वा हायत का घरात? ती म्हणाली, हितं नीलव्वा कुणी न्हाई, काका, घर चुकला असाल. दार लावाय लागली. म्हटलं आता काय सांगावं हिला." त्यांनी भांडं टेबलावर ठेवलं. "तेवढ्यात आतनं अक्कांचा आवाज आला, हाय की, आलो थांबा."